एका दिवसात तीन शिखरे: खिंडींपासून सुरू होणारे नियोजन

एक शिखर गाठून त्याच वाटेने परतणे आणि एकाच दिवसात तीन-चार शिखरे ओलांडून दुसऱ्याच ठिकाणी उतरणे, या दोन गोष्टी कागदावर सारख्या दिसल्या तरी प्रत्यक्षात फार वेगळ्या आहेत. पहिल्या प्रकारात दमछाक झाली की मागे फिरावे, एवढा एकच निर्णय पुरतो, कारण मागची वाट पायाखालची असते आणि ती बहुतेक उताराची असते. दुसऱ्या प्रकारात दुपार होईपर्यंत मागे जाणे पुढे जाण्याइतकेच लांब झालेले असते, आणि तुम्ही ज्या खिंडीत उभे असता तिथून दोन्हीकडे चढच दिसतो. माझ्या पहिल्या अशा प्रयत्नात मी शिखरांची नावे, उंची आणि छायाचित्रे पाठ केली होती. मधल्या खिंडी किती खोल आहेत हे मात्र नकाशावर पाहिलेसुद्धा नव्हते. त्या दिवशी उतरताना रात्र झाली. म्हणून पुढील मार्गदर्शनात शिखरांपेक्षा खिंडींचा उल्लेख अधिक वेळा येईल.

हे मार्गदर्शन बर्फ नसलेल्या, दोर न लावता चढता येणाऱ्या आणि सुमारे २५०० मीटरपेक्षा कमी उंचीच्या डोंगरांसाठी आहे. त्याहून वर विरळ हवेचा त्रास संभवतो आणि तिथले नियोजन वेगळे असते.

१. नकाशावर आधी खिंडी शोधा

१:५०,००० प्रमाणाचा नकाशा चालतो, पण १:२५,००० प्रमाणाचा मिळाला तर तोच घ्यावा, कारण त्यावर एक किलोमीटर अंतर चार सेंटिमीटरमध्ये पसरते आणि पहिल्यावर ते दोनच सेंटिमीटरमध्ये कोंबलेले असते. समोच्च रेषांची, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांची, बंद वर्तुळे म्हणजे माथे. दोन माथ्यांच्या मधे रेषा दोन्ही बाजूंनी आत दबून कंबरेसारखा आकार करतात, ती खिंड. तुमच्या मार्गावरील प्रत्येक माथ्याची आणि प्रत्येक खिंडीची उंची क्रमाने एका कागदावर लिहून काढा.

उदाहरणासाठी एक काल्पनिक मार्ग घेऊ. पायथा ६४० मीटर, पहिले शिखर १३१०, त्यानंतरची खिंड ११२०, दुसरे शिखर १३८५, दुसरी खिंड १०१०, तिसरे शिखर १२९० आणि पुन्हा ६४० मीटरवर उतरणे. एकूण अंतर १७ किलोमीटर. नवखा माणूस येथे सर्वांत उंच शिखरातून पायथा वजा करतो आणि ७४५ मीटर चढायचे आहे असे समजतो. प्रत्यक्षात पहिल्या टप्प्यात ६७०, दुसऱ्यात २६५ आणि तिसऱ्यात २८०, असे १२१५ मीटर चढावे लागते. मधला ४७० मीटरचा फरक खिंडींनी खाल्लेला असतो, आणि तो पाय दमल्यानंतर वाट्याला येतो.

सलग दोन रेषांमधील उंचीचा फरक नकाशाच्या समासात दिलेला असतो. तो २० मीटर असेल तर १५ मीटरचा कडा दोन रेषांच्या मधे बेमालूम लपू शकतो. त्यामुळे धारेवर, म्हणजे माथे जोडणाऱ्या डोंगराच्या अरुंद कण्यावर, रेषा दाट झालेल्या दिसल्या, किंवा कातळाची खूण दिसली, तर तो भाग पूर्वी गेलेल्या माणसाकडून समजून घ्यावा. ‘वाट सोपी आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये. हात लावावे लागतात का, एका बाजूला दरी उघडी पडते का आणि ओल्या कातळावरून उतरता येते का, हे तीन प्रश्न नेमके विचारावेत.

२. वेळेचे गणित मांडा

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो: सपाटीवर ताशी ५ किलोमीटर आणि त्यात दर ६०० मीटर चढाईसाठी एक तास अधिक. म्हणजेच प्रत्येक १०० मीटर चढाईला दहा मिनिटे. वरील मार्गाला या हिशेबाने अंतरासाठी ३ तास २४ मिनिटे आणि चढाईसाठी सुमारे २ तास २ मिनिटे, असे एकूण ५ तास २६ मिनिटे लागतात.

हा आकडा वाचून कोणीही हुरळून जाऊ नये. तो सरावलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा वेळ आहे, आणि त्यात उताराचा वेगळा विचार नाही. तीव्र उतारावर दर ३०० मीटरला दहा मिनिटे वाढवण्याची पद्धत पुढे रूढ झाली. नवख्यांनी सरळ एक तृतीयांश वेळ वाढवावा, असे माझे मत आहे. मग चालण्याचे सव्वासात तास होतात, आणि विश्रांतीचा सव्वा तास धरला तर साडेआठ तास. सकाळी सहाला निघालात तर अडीचच्या सुमारास तुम्ही खाली असाल. सूर्यास्तापूर्वी किमान दोन तास हाताशी राहत नसतील तर एक शिखर आधीच वगळावे.

आता याच हिशेबाने प्रत्येक माथ्यावर आणि खिंडीत पोहोचण्याची वेळ काढून त्याच कागदावर लिहा. वरील उदाहरणात पहिले शिखर ८.५०, पहिली खिंड ९.३०, दुसरे शिखर १०.४० आणि दुसरी खिंड ११.२५ असे आकडे येतात. खिंडींच्या वेळांपुढे आणखी एक रकाना करा: ‘यापेक्षा उशीर झाल्यास पुढे जाणार नाही.’ दुसऱ्या खिंडीसाठी मी तो एक वाजता ठेवीन. ही वेळ घरी, पोट भरलेले असताना ठरवायची असते. खिंडीत बसून ठरवायला गेलात तर समोरचे शिखर नेहमीच जवळ वाटते.

३. प्रत्येक खिंडीतून सुटकेची वाट आहे का, ते पाहा

माथ्यावरून मधेच खाली उतरणे बहुधा शक्य नसते. उतरायची संधी मिळते ती खिंडीत. पण सगळ्याच खिंडी उतरू देतात असे नाही. खिंडीतून निघणारी घळ वरच्या भागात रुंद, गवताळ आणि आमंत्रण देणारी असते, आणि दोनशे मीटर खाली तिचाच धबधबा होतो. म्हणून वाट तपासताना खिंडीजवळच्या रेषांपेक्षा खालच्या अर्ध्या भागातील रेषा बारकाईने पाहाव्यात. त्या तिथे एकमेकींना चिकटलेल्या असतील तर ती वाट कागदावरून खोडून टाका. ‘पाण्याच्या कडेने गेले की खाली पोहोचतोच’ हे वाक्य डोंगरात फार ऐकू येते. पाणी खाली पोहोचते हे खरे, पण ते उड्या मारत जाते.

दुसरा सापळा दिशेचा आहे. खिंडीच्या दोन्ही बाजू उतरण्याजोग्या असल्या तरी एका बाजूला तुमचा रस्ता असतो आणि दुसऱ्या बाजूची दरी तुम्हाला भलत्याच खोऱ्यात सोडते, जिथून मूळ ठिकाणी परतायला दुसरा दिवस लागू शकतो. प्रत्येक खिंडीपुढे ‘डावीकडे’ किंवा ‘उजवीकडे’ असे न लिहिता ‘पूर्वेकडे’, ‘पश्चिमेकडे’ असे लिहा. धुक्यात एकदा गोल फिरलात की डावे-उजवे काही कामाचे राहत नाही.

४. हवामान पाहून दिवस निवडा

पायथ्याच्या गावाचा अंदाज आणि माथ्याचा अंदाज एक नसतो. उंची १००० मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी घटते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा धक्का चौपट होतो. खिंडीत वारा दोन डोंगरांच्या मधून दाबला जाऊन निघत असल्याने तो पुष्कळदा माथ्यापेक्षाही जोराचा असतो, त्यामुळे जेवणासाठी खिंडीत न बसता थोडे अलीकडे, वाऱ्याच्या आडोशाला बसावे.

विजांचा संभव सांगितला असेल तर धारेवरचा दिवस रद्द करावा, यात तडजोड नाही. चालताना गडगडाट ऐकू आला तर वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर धार सोडून खाली उतरायला लागा. एकट्या झाडाखाली किंवा कातळाच्या उथळ कपारीत आसरा घेऊ नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी पुन्हा वर जाऊ नका.

५. सामान आणि कागदपत्रे

पुढील वस्तू प्रत्येकाकडे स्वतंत्र असाव्यात. गटात मिळून एक असे चालत नाही:

- पाण्यापासून जपलेला छापील नकाशा आणि होकायंत्र
- शिट्टी आणि डोक्याला बांधायची विजेरी, नव्या सेलसह
- तीन ते चार लिटर पाणी
- उबदार कपड्यांचा एक जादा थर आणि पाऊस-वारा अडवणारे जाकीट
- न शिजवता, चालता चालता खाता येईल असे खाणे, आणि त्याखेरीज एका वेळचे राखीव
- तळव्याची नक्षी न झिजलेले, आधी वापरून पायाला बसलेले बूट
- ओळखपत्र, स्वतःची नियमित औषधे आणि ॲलर्जी असल्यास तिची लेखी नोंद

गटात एक प्रथमोपचार पेटी, एक पॉवर बँक आणि सर्वांना झाकेल असा एक प्लॅस्टिकचा कागद किंवा आपत्कालीन ब्लँकेट पुरते. मार्ग संरक्षित वनातून किंवा खासगी जमिनीतून जात असेल तर परवानगी लेखी घ्या आणि उतरण्याची जागा वेगळ्या हद्दीत येते का, तेही पाहा. चढायची परवानगी आहे पण उतरण्याच्या बाजूची नाही, असा प्रसंग अशा मार्गांवर सहज येतो.

पाण्याबद्दल थोडे अधिक. धारेवर पाणी जवळजवळ नसतेच, कारण झरे खाली फुटतात. तासाला अर्धा लिटर हा उन्हातल्या चालीचा साधारण हिशेब आहे. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे पहिल्या चढावर पाण्याचे ओझे नकोसे होते आणि कोणीतरी एक बाटली पायथ्याशीच ठेवून येतो. तोच माणूस तिसऱ्या शिखराखाली इतरांच्या बाटल्यांकडे पाहत असतो.

निघण्यापूर्वी मार्गाची चिठ्ठी घरी किंवा विश्वासू माणसाकडे ठेवा. तीत सोबत्यांची नावे, शिखरांचा क्रम, सुटकेच्या वाटा, उतरण्याची अपेक्षित वेळ आणि ‘या वेळेपर्यंत निरोप न आल्यास मदत मागवावी’ अशी दुसरी वेळ लिहा. या दोन वेळांत तीनेक तासांचे अंतर असावे. उतरल्यावर नेटवर्क नसल्यामुळे विनाकारण शोधाशोध सुरू झाल्याचे मी पाहिले आहे.

६. चाल सावकाश ठेवा

पहिल्या चढावर बोलता येईल एवढ्याच वेगाने चाला. वेग सर्वांत हळू माणसाचा असावा, हे सगळेच सांगतात, पण एक गोष्ट राहून जाते. पुढचे लोक थांबतात, मागचा धापा टाकत पोहोचतो, आणि तो पोहोचला म्हणून पुढचे लगेच उठतात. अशाने ज्याला विश्रांतीची खरी गरज आहे त्याला दिवसभर ती मिळतच नाही. शेवटचा माणूस बसल्यानंतर घड्याळ लावा.

खोट्या माथ्यांची सवय करून घ्या. खालून जे शिखर दिसते ते अनेकदा धारेचा खांदा असतो, आणि त्यावर पोहोचल्यावर खरे शिखर मागे उभे दिसते. नकाशावरची उंची आणि उंचीमापकाचा आकडा जुळल्याशिवाय आनंद साजरा करू नये.

७. धुक्यात माथा सोडताना

माझी सर्वांत मोठी चूक याच टप्प्यावर झाली, म्हणून हा भाग सविस्तर लिहितो. दुसऱ्या शिखराचा माथा सपाट होता. आम्ही चौघे वाऱ्याकडे पाठ करून बसलो, खाल्ले, आणि तेवढ्यात धुके आले. उठलो ते ज्या दिशेला तोंड होते त्याच दिशेने निघालो. बसताना आम्ही वळलो होतो, हे कोणाच्याच लक्षात आले नाही. पुढे रुंद सोंड, म्हणजे माथ्यापासून खाली उतरत गेलेला डोंगराचा फाटा, होती, तिच्यावर चक्क मळलेली पायवाट होती आणि उतारही हवा तसाच होता. वीस मिनिटांनी मनगटावरचे उंचीमापक खिंडीच्या उंचीपेक्षा ५० मीटर खालचा आकडा दाखवू लागले आणि उतार संपण्याचे चिन्ह दिसेना.

तेव्हा कुठे होकायंत्र बाहेर काढले. नकाशा गुडघ्यावर पसरला, त्यावर यंत्र ठेवले, आणि सुई एका जागी ठरेना. मी वाकलो की ती सरकायची, सरळ झालो की परत यायची. छातीवरच्या खिशात फोन होता आणि त्याच्या कव्हराला चुंबकाची पट्टी होती. फोन सोबत्याकडे देऊन त्याला चार पावले दूर उभे केले, तेव्हा सुई स्थिरावली आणि आम्ही शेजारच्याच सोंडेवर आहोत हे कळले. माथ्यावर परत चढायला पाऊण तास गेला. ती पायवाट गुरांची होती.

तेव्हापासून पाळत असलेला क्रम असा. माथ्यावर पोहोचल्याबरोबर, हवा स्वच्छ असली तरी, पुढच्या खिंडीची दिशा होकायंत्रावर लावून ठेवावी आणि मगच सॅक उतरवावी. निघताना दिशादर्शक बाण उलटा तर धरला नाही ना, हे दुसऱ्याकडून तपासून घ्यावे. १८० अंशांची ही चूक थकलेल्या माणसाकडून हमखास होते. नकाशावरील उत्तर दिशा आणि होकायंत्राची चुंबकीय उत्तर दिशा यांच्यातील फरक समासात दिलेला असतो, तो जमेस धरावा, कारण पाच अंशांची चूक एका किलोमीटरला सुमारे ९० मीटर बाजूला नेते, आणि अरुंद धारेवर एवढे अंतर कड्यापर्यंत पोहोचायला पुरेसे आहे. चालायला लागण्याआधी खिंड किती मीटर खाली आणि किती मिनिटांवर आहे हे मोठ्याने म्हणावे, म्हणजे चुकलो तर ते सगळ्यांच्या लक्षात येते.

हवेच्या दाबावर चालणारे उंचीमापक असेल तर ते प्रत्येक ओळखीच्या माथ्यावर आणि खिंडीत नव्याने जुळवावे. दाब एक मिलिबारने घसरला तरी ते साधारण आठ मीटर जास्त उंची दाखवते. जागेवर बसलेले असताना आकडा वाढू लागला, तर डोंगर वाढलेला नसून हवामान बिघडत आहे, असा त्याचा अर्थ.

फोनवरील नकाशा मीही वापरतो, आणि तो आधीच डाउनलोड करून फोन विमान मोडवर ठेवतो. मात्र थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, म्हणून छापील नकाशाला पर्याय नाही.

८. शेवटचे शिखर आणि उतार

शेवटच्या माथ्यावर दिवस संपल्यासारखा वाटतो, आणि आपल्या उदाहरणात अजून ६५० मीटर उतरायचे असतात. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. दिवसभराच्या थकव्यानंतर ते थरथरू लागतात आणि पाऊल नेमके पडेनासे होते. माथा सोडण्यापूर्वी काहीतरी खा, पाणी प्या आणि बुटांच्या नाड्या घोट्याजवळ घट्ट आवळा, म्हणजे बोटे पुढे आदळून नखे काळी पडत नाहीत. काठ्या असतील तर थोड्या लांब करा.

घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगड-मातीच्या उतारावर, एकामागे एक उतरू नये. वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या दिशेने सुटतो, त्यामुळे तिरके, एकमेकांच्या रेषेबाहेर राहून उतरावे. दगड सुटलाच तर जोरात ओरडावे. मुरमाड उतारावर पाय आडवा टाकून आखूड पावले घेणे हाच उपाय आहे, आणि घाई करणाऱ्याला इथे कोणीतरी मागे खेचण्याची गरज असते.

९. अडचण आल्यास

जखमी माणसाला जमिनीवर थेट न बसवता सॅकवर किंवा दोरावर बसवा, उबदार कपडे घाला आणि मगच मदतीचा विचार करा. संकटाचा संकेत म्हणजे एका मिनिटात सहा शिट्ट्या किंवा विजेरीचे सहा झोत, मग एक मिनिट शांतता आणि पुन्हा तेच. उत्तर मिनिटाला तीन अशा संकेतांनी येते. ही पद्धत १८९४ मध्ये लंडनच्या अल्पाइन क्लबने सुचवली. उत्तर ऐकू आले तरी संकेत थांबवू नका, मदत करणाऱ्यांना तुमची जागा शोधायची असते. मोबाइलवर ११२ हा क्रमांक बहुतेक देशांत चालतो, आणि बोलणे होत नसेल तिथेही कधीकधी संदेश जातो. त्यात अक्षांश-रेखांश, जखमींची संख्या आणि तुम्ही तिथेच थांबणार आहात की हलणार आहात, एवढे लिहा.

१०. परतल्यावर

सर्वप्रथम, बूट काढण्याआधी, ज्याच्याकडे चिठ्ठी ठेवली आहे त्याला निरोप द्या. मग वेळांचा तुमचा कागद काढा आणि प्रत्येक माथ्यापुढे व खिंडीपुढे प्रत्यक्षात पोहोचल्याची वेळ लिहा. हे चालतानाच करत गेलात तर उत्तम. तीन-चार वेळा असे केले की नेस्मिथच्या आकड्यात आपण नेमकी किती भर घालायची ते कळते. माझ्या कागदांवर पहिले दोन टप्पे हिशेबाप्रमाणे निघतात, आणि दुसऱ्या खिंडीनंतरचा चढ दरवेळी दीडपट वेळ घेतो.